गाव कुठे संपते?

चौथीच्या वर्गाने शाळेच्या पटांगणावर फक्कीने गावाचा नकाशा आखायला घेतला, तेव्हा पहिले भांडण वेशीपाशी झाले. गावठाणातल्या मुलांनी मारुतीचे देऊळ, पार, दूध डेअरी, ग्रामपंचायत, शाळा आणि पाण्याची टाकी एवढे मांडले, वेस दाखवली, तिच्याबाहेर एक जाड रेघ ओढली आणि हात झटकले. त्यांच्या लेखी गाव पूर्ण झाले होते. वर्गात २२ मुले होती आणि त्यांतली १३ मळ्यांतून येत होती. ती सगळी त्या रेघेच्या बाहेर उभी होती. त्यांतल्या एका मुलीने, जी एरवी नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलत नसे, हातातली फक्कीची ताटली खाली ठेवली आणि विचारले, "बाई, मग आम्ही कुठल्या गावच्या?"

जुन्नर तालुक्याच्या बागायती भागातली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न किती खरा आहे ते कळेल. इथे गावठाण लहानसे असते आणि पुष्कळ माणसे राहतात ती मळ्यांत. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, विहिरींचे पाणी वाढले, तसतशी कुटुंबे आपापल्या शेतात घरे बांधून राहायला गेली आणि मळ्यांना त्या त्या भावकीच्या आडनावांवरून नावे पडली. सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर आणि मतदारयादीत गाव एकच असते. मळ्यातली माणसे मात्र किराणा आणायला निघताना 'गावात जाऊन येतो' असेच म्हणतात, आणि मुले तीच भाषा ऐकत वाढतात. त्या शाळेत मला तेव्हा सहा वर्षे झाली होती. गावाविषयीचा पाठ मी त्याआधी कितीतरी वेळा शिकवला होता, त्यावरचे प्रश्न सोडवून घेतले होते, मुलांना पैकीच्या पैकी गुणही दिले होते. वर्गातली निम्म्याहून अधिक मुले स्वतःला गावाबाहेरची समजतात, हे मात्र मला त्या फक्कीच्या रेघेने दाखवले.

परिसर अभ्यासात हाताने करायच्या कामाला आपण 'प्रकल्प' म्हणतो आणि या शब्दाची आज जी अवस्था झाली आहे, तिचे मला मनापासून दुःख होते. तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्प मागितला, तर दुकानदार फक्त 'कितवीचा?' एवढेच विचारतो. आपले मदतनीस, वाहतुकीची साधने, राष्ट्रीय प्रतीके, ऐतिहासिक वास्तू अशा चित्रांचे छापील कागद तिथे मिळतात. ते कापून वहीत चिकटवले, खाली पालकांनी सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि भोवती स्केचपेनची नक्षी काढली, की प्रकल्प झाला. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्याबरोबर प्रकल्पाचाही रकाना आला. त्यामागचा हेतू उत्तम होता आणि मी त्याची बाजू आजही घेते. परंतु रकाना आला की तो भरावा लागतो, आणि ४० वह्या वेळेत भरून देण्याचे काम दुकान जितके चोख करते, तितके मूल करू शकत नाही.

याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक मी विसरलेली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शालेय प्रदर्शनात मी परीक्षक होते. एका मुलाने थर्माकोलचा रायगड आणला होता. त्यात दिवे लागत होते, राजसदरेवर छत्र होते, बुरुजांवर भगवे होते. त्याच्या शेजारी एक मुलगा लोखंडी घमेल्यात मातीचा किल्ला घेऊन बसला होता. एसटीच्या प्रवासात त्या किल्ल्याचा एक बुरूज ढासळला होता आणि माती ओली करून तो तिथेच बोटांनी पुन्हा बसवत होता. घमेल्याच्या मध्यभागी नारळाच्या करवंटीचे टाके होते आणि त्यात खरे पाणी होते. मी पहिला क्रमांक थर्माकोलच्या रायगडाला दिला. बक्षीस देताना मी त्या मुलाला सहज विचारले, की गडावर इतकी माणसे राहायची तर ती पाणी कुठले प्यायची. त्याने मागे उभ्या असलेल्या आपल्या मामांकडे पाहिले. करवंटीवाल्या मुलाला मी काहीच विचारले नाही, कारण तोवर निकाल लिहून झाला होता.

त्यानंतर मी घरून करून आणायचे प्रकल्प बंद केले. जे करायचे ते शाळेत, मुलांच्या हातांनी, गावात मिळेल त्या सामानातून, असे ठरवले. यात माझे स्वतःचे असे काही नव्हते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणयोजनेचा गाभाच हाताने करायच्या उत्पादक कामाचा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबाल शिक्षण केंद्र सुरू केले, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया आणि दगडगोटे मुलांच्या हाती दिले होते. डी.एड.च्या परीक्षेत मी हे सगळे लिहून उत्तम गुण मिळवले होते. ते वर्गात उतरवायला मला पुढची कितीतरी वर्षे लागली.

नकाशाकडे परत येते. रेघ पुसायची की नाही, यावर मतदान घ्यावे असे एका मुलाने सुचवले. मळ्यातली मुले संख्येने जास्त असल्याने गावठाणातल्या मुलांनी त्याला विरोध केला. शेवटी असे ठरले, की आधी कोणाचे घर शाळेपासून किती लांब आहे ते मोजायचे आणि मगच बोलायचे. गावातली १०० पावले म्हणजे पटांगणावरचे एक पाऊल, असे प्रमाण त्यांनीच काढले. पाठ्यपुस्तकात नकाशाचे प्रमाण समजावून सांगताना माझा दरवर्षी घसा बसत असे. इथे ते दहा मिनिटांत ठरले, कारण त्यांना त्याची गरज होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरापासूनची पावले मोजून आणली आणि नवीच अडचण उभी राहिली. एकाच मळ्यातल्या सख्ख्या भावंडांची पावले वेगवेगळी भरत होती. मोठ्याची २,९००, धाकटीची ३,८००. धाकटी म्हणाली, की तिचे बरोबर आहे, कारण तिने न धावता मोजले आहे. मोठा म्हणाला, की त्याचे बरोबर आहे, कारण तो मोठा आहे. अखेर सर्वांसाठी एकच माप हवे, हे मुले स्वतः बोलली.

तेव्हा एका मुलाच्या आजोबांनी सांगितले, की पूर्वी मोजणीदार जमीन साखळीने मोजत आणि ती साखळी ३३ फुटांची असे. आम्ही काथ्याची दोरी आणली, टेपने ३३ फूट मोजून तिला दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि गाव मोजण्याआधी पटांगणावर चार खुंट्या ठोकून ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन आखला. तो एक गुंठा. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. ज्या घरांत सकाळ-संध्याकाळ गुंठे, बांध आणि वाटणी यांचीच बोलणी चालतात, त्या घरांतली ही मुले होती. गुंठा हा शब्द त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता, परंतु गुंठ्याच्या आत उभे राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. एक मुलगा चारही कडांनी चालून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आमचे आणि चुलत्यांचे दोन गुंठ्यांवरून भांडण आहे." त्याने पुन्हा एकदा त्या चौकोनाकडे पाहिले. मी काही बोलले नाही.

सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, हे मुलांना दाखवावे म्हणून त्याच चौकोनाच्या आत आम्ही १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा दुसरा चौकोन आखला. तो एक आर. दोन्ही चौकोनांचा एक कोपरा एकच ठेवला, तेव्हा उरलेल्या दोन बाजूंना जेमतेम तीन बोटांची पट्टी राहिली. आजोबांचा गुंठा आणि तलाठ्यांचा आर यांत इतकाच फरक आहे, हे त्यांनी बोटे टेकवून पाहिले. ३३ फुटांचीच साखळी का, असेही एकीने विचारले. इंग्रजी अमलात १८३०च्या दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतजमिनींची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवण्याची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली, आणि इंग्रजी मापांत अशा चार साखळ्यांनी दहा साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर होतो, एवढे मी सांगितले. चाळीस चौकोन आखून पाहायला आमचे पटांगण पुरले नाही. मुलांनी ते वहीत आखले.

गाव कुठे संपते या प्रश्नाचे उत्तर मात्र दोरीने मिळेना. त्यासाठी आम्ही शीव पाहायला गेलो. गावातले एक वयोवृद्ध शेतकरी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते आमच्याबरोबर आले. पाणंदीने चालत, ओढा ओलांडून, एका बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी त्यांनी आम्हांला थांबवले. हा म्हसोबा, आणि इथे आपली शीव संपते, असे ते म्हणाले. पलीकडे तसाच ऊस होता, तशीच माती होती आणि त्याच ओढ्याचे पाणी होते. एका मुलाने एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवला आणि विचारले, की मी आता कुठल्या गावात आहे. तात्यांनी त्याला गंभीरपणे उत्तर दिले. पूर्वी पाऊस लांबला किंवा रोगराई आली, की शिवेवर नैवेद्य ठेवीत, नव्या नवरीचे वऱ्हाड शिवेवर आले की नारळ फोडीत, आणि शिवेच्या भांडणात दोन्ही गावची जाणती माणसे इथे येऊन बसत, असे ते उन्हात उभे राहून सांगत राहिले. मुले एरवी गोष्टीसाठी बसतात तशी बांधावर बसली होती. परत आल्यावर त्यांनी पटांगणावरची वेशीबाहेरची रेघ स्वतःच पायाने पुसली, आणि नवी रेघ इतकी लांब ओढली, की ती व्हॉलीबॉलच्या खांबांपर्यंत गेली. सगळे मळे आत आले. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने आपल्या घराच्या जागी विटेचा तुकडा ठेवला आणि तो सरळ बसेपर्यंत तीनदा हलवला.

यानंतर जे झाले, ते माझ्या योजनेत नव्हते. नकाशात शेते भरायची म्हणून मुलांनी उसासाठी हिरवी रांगोळी टाकायला सुरुवात केली आणि ती संपली. दुसरी आणली, तीही संपली. गावठाण सोडून जवळजवळ सगळा नकाशा हिरवा होत होता. त्या वेळी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आजी हात पुसत पटांगणावर आल्या, थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळेला यातलं काहीच नव्हतं."

मग त्यांना मध्ये उभे करून आम्ही दुसरा नकाशा काढला. पहिल्याच्या शेजारी, त्याच आकाराचा, आजींच्या लहानपणीचा. त्यांनी सांगायचे आणि मुलांनी मांडायचे. बाजरी, हुलगा आणि मटकी यांच्यासाठी मुलांनी घरून मूठमूठ धान्य आणले. मोटेच्या विहिरी चार होत्या आणि त्यांच्याभोवती थोडेसे हिरवे. ओढ्याच्या काठी करंज आणि जांभूळ. डोंगराच्या बाजूला गायरान. कालवा नव्हता. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे मुलांना पाठ होती, परंतु धरणाच्या आधीही हेच गाव इथेच होते आणि ते असे दिसत होते, ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती. इतिहास राजांचा असतो आणि भूगोल नद्यांचा असतो, अशी त्यांची समजूत होती. तिला आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत. आता पोषण आहाराच्या आजींना इतिहास होता आणि तो बाजरीच्या दाण्यांनी मांडता येत होता. एका मुलाने दोन्ही नकाशांच्या मध्ये उभे राहून विचारले, की मग बिबट्या तेव्हा कुठे राहायचा. आजी म्हणाल्या, की तेव्हा बिबट्या डोंगरात असायचा, गावात कोणी पाहिलेला नव्हता.

ज्यांचा जुन्नरशी संबंध नाही, त्यांच्यासाठी इथे थोडे थांबते. आमच्या तालुक्यात बिबट्या हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. उसात त्याला दाट आडोसा मिळतो, पाणी मिळते, कुत्री आणि शेळ्या मिळतात. माद्या उसातच पिले घालतात आणि तोडणीच्या वेळी ती पिले मजुरांना सापडतात. माणिकडोहला वन विभागाचे बिबट्या निवारा केंद्र आहे. शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री असते आणि रात्रीची पाळी असली, की वडील बॅटरी घेऊन एकटे पाणी धरायला जातात, तेव्हा घरातली मुले जागी असतात. मुलांवर हल्ले झालेले आहेत. त्यामुळे नकाशात बिबट्या दाखवायचा, असे मुले म्हणाली, तेव्हा मला क्षणभर भीती वाटली, की मी त्यांच्या भीतीला हात घालते आहे का. परंतु भीती तिथे आधीपासूनच होती. तिला पटांगणावर जागा मिळाली, इतकेच.

बिबट्या जिथे दिसला त्या ठिकाणांसाठी खूण म्हणून मुलांनी एरंडीच्या बिया निवडल्या, कारण त्यांवर ठिपके असतात. एरंडीचे बी पोटात गेले तर विषारी, म्हणून मी बिया मोजून दिल्या आणि सुटीच्या वेळी मोजून परत घेतल्या. बी ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने कोणी पाहिला, कधी पाहिला आणि किती वाजता पाहिला हे सांगायचे, असा नियम केला. ऐकीव बातमीला बी मिळणार नव्हते. या एका नियमाने वर्गात पुरावा या शब्दाचा जितका खल झाला, तितका मी कोणत्याही पाठाने करू शकले नसते. 'माझ्या मामाच्या मित्राने पाहिला' याला बी द्यायचे की नाही, यावर पंधरा मिनिटे वाद झाला आणि मामांना शाळेत बोलवून विचारावे, असे ठरले. मामा आले आणि त्यांनी दुरून पाहिल्याचे कबूल केले, ते कुत्रेही असू शकेल असे म्हणाले, म्हणून त्यांना बी मिळाले नाही. चार दिवसांत १७ बिया लागल्या. त्यातल्या ११ एकाच रस्त्यावर होत्या. कालव्याच्या कडेने तीन मळ्यांना शाळेशी जोडणारा तो रस्ता होता, आणि त्यावर दिवे नव्हते.

दिवाळीच्या सुटीआधी आम्ही शिवनेरीला गेलो. शिवनेरी आमच्या मुलांना रस्त्याने जाता-येता दिसतो. किल्ले बांधणे हा तर महाराष्ट्रातल्या मुलांचा सर्वांत जुना प्रकल्प आहे. तो कोणत्याही शाळेने दिलेला नाही. घराच्या अंगणात दगड-विटा रचून, वर ओले पोते टाकून, माती लिंपून, अळीव पेरून आणि मावळे मांडून मुले दिवाळीत जे करतात, त्याच्या जवळपास येईल असे आमच्या शाळांनी फार थोडे केले आहे. २०२५ साली शिवनेरीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा मला अंगणातले ते सगळे किल्ले आठवले. गडावर मुलांनी सात दरवाजे मोजले, शिवजन्मस्थानापाशी ती आपोआप हळू बोलू लागली, आणि मी त्यांना गंगा-जमुना टाक्यांपाशी बराच वेळ बसू दिले. घमेल्यातली करवंटी माझ्या मनात होती. दिवाळीनंतर मुले परत आली, तेव्हा सांगत होती, की यंदा किल्ल्यावर टाके केले, पण पाणी रात्रीत जिरून गेले. कोणी प्लास्टिक घातले, कोणी शेणाने सारवले. गडावरचे टाके का जिरत नाही, याचे उत्तर एकीने दिले. ते मातीत बांधलेले नाही, कातळात खोदलेले आहे. मग ते खोदायला किती माणसे लागली असतील, त्यांना जेवायला कोण देत असेल, छिन्नी बोथट झाली की ती कोण घडवून देत असेल, असे प्रश्न निघत गेले. त्या दिवशी माझ्या हाती पुस्तक नव्हते.

नाणेघाटाविषयी थोडक्यात सांगते. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे येणारा माल या घाटाने चढत असे. वर लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, राजघराण्यातल्या व्यक्तींच्या कोरलेल्या मूर्तींची आता केवळ पावले उरली आहेत, आणि बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा मोठा दगडी रांजण आहे. मुलांनी पाठीवर पाच-पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन घाटाच्या नळीत थोडे खाली उतरून पुन्हा चढून पाहिले. वर येऊन धापा टाकत एकाने रांजणाकडे पाहिले आणि म्हणाला, की इतके चढून आल्यावर वर पैसे द्यायचे. त्यावर दुसरा म्हणाला, की पायऱ्या आणि लेणे ज्याने केले त्याला नकोत का. टोलनाक्यावर मोठ्या माणसांत चालणारा हा वाद मी त्या घाटमाथ्यावर चौथीच्या मुलांच्या तोंडून ऐकला आणि तो मी सोडवला नाही.

हे सगळे करायला वेळ कुठून आणता, असे मला सहकारी विचारतात आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. आमची शाळा द्विशिक्षकी होती. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र होती, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, शिक्षकांच्या पगाराची 'शालार्थ' प्रणाली, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहित्या होत्याच. तिसरीची मुले नकाशाभोवती बसून आपल्या जिल्ह्याच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक वाचत आणि मधूनच उठून सूचना करीत. नकाशाला जवळजवळ सात आठवडे लागले. त्या काळात माझे दोन पाठ मागे पडले आणि तपासणीत तसा शेराही आला. तो शेरा चुकीचा नव्हता. ते पाठ मी नंतर चार दिवसांत उरकले आणि त्यांतले मुलांच्या फारसे लक्षात राहिले नाही. हाताने केलेल्या प्रत्येक कामातून शिक्षण होतेच, असेही मी म्हणणार नाही. त्याच वर्षी आम्ही बारा बलुतेदारांची अवजारे मातीची केली. ती सुंदर झाली आणि त्यातून एकही प्रश्न निघाला नाही, कारण मीच सगळे आधी सांगून टाकले होते. मुलाच्या हाताला काही ठरवायला उरले नाही, की मातीही दुकानातल्या चित्रासारखीच होते.

डिसेंबरात ऊसतोडणी सुरू असताना तोडणी कामगारांची चार मुले शाळेत येऊ लागली. त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कालव्याजवळच्या मोकळ्या रानात पडल्या होत्या. या कोप्या नकाशात दाखवायच्या का, यावर पुन्हा एकदा वर्ग दुभंगला. ती माणसे होळीनंतर परत जाणार, मग नकाशा खोटा ठरेल, असे एका बाजूचे म्हणणे होते. आज दाखवल्या नाहीत तर आज खोटा ठरेल, असे दुसऱ्या बाजूचे. जिने मळ्यांचा प्रश्न विचारला होता, ती या दुसऱ्या बाजूला होती. तोडगा त्या नव्या मुलांपैकीच एकाने काढला. विटेऐवजी उसाच्या पाचटाची जुडी ठेवा, आम्ही गेलो की उचलता येईल, असे तो म्हणाला. तशा चार जुड्या ठेवल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याजवळ दोन एरंडीच्या बिया लागल्या.

पटांगणावरचा नकाशा रोज झाडून पुन्हा आखावा लागत असे, म्हणून जानेवारीत आम्ही तो ऑइलपेंटने व्हरांड्याच्या फरशीवर उतरवला. २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर ग्रामसभा शाळेतच भरली. मुलांनी सरपंचांना आणि जमलेल्या गावकऱ्यांना चपला काढून नकाशावरून चालायला सांगितले. मोठी माणसे प्रथम आपापले घर शोधत होती आणि सापडल्यावर त्यांचे चेहरे अगदी मुलांसारखे होत होते. मग त्या मुलीने कालव्याच्या रस्त्यावर उभे राहून, कागदात न पाहता, एकेक बी कोणत्या तारखेचे आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले ते सांगितले आणि रस्त्यावर पाच ठिकाणी दिवा हवा, असे म्हणून पाच पांढरी वर्तुळे दाखवली. कोणीतरी मागून म्हणाले, की हा गावाबाहेरचा रस्ता आहे. तिने खाली वाकून हद्दीच्या रेघेवर बोट ठेवले आणि ती रेघ म्हसोबापर्यंत तशीच दाखवत नेली.

त्या वर्षी दोन दिवे लागले. ज्या दिवशी ते लागले, त्या दिवशी मुलांनी दोन वर्तुळांत पिवळा रंग भरला. मार्चमध्ये पाचटाच्या जुड्या उचलल्या गेल्या आणि जूनमध्ये माझी बदली दुसऱ्या शाळेत झाली. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला त्या गावी गेले होते, तेव्हा शाळेत डोकावून आले. फरशीवरचा हिरवा रंग बराच उडाला आहे, आणि कोणीतरी नव्या मुलांनी कोप्यांच्या जागी पुन्हा पाचट ठेवले होते. उरलेली तीन वर्तुळे पांढरीच आहेत.